नागसेनवनाची नोंद कोण लिहिणार?



ठाकुर्लीच्या आमच्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर तासभर अभ्यासवर्ग चालतो. मुले मोठ्याने वाचतात, वडीलधारी मंडळी ऐकतात. मागे एका रविवारी नववीतल्या एका मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी औरंगाबाद शहराची माहिती लिहून आणली होती. २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, म्हणून तिच्या कागदावर दोन्ही नावे होती. मोबाइलवरच्या एका खुल्या ज्ञानकोशातून तिने ती नोंद उतरवून घेतली होती. शहराचे दरवाजे आले, बीबी का मकबरा आला, पाणचक्की आली, वेरूळ-अजिंठा आले, कारखाने आले. शिक्षणावर दोन ओळी. त्यातही 'मिलिंद' हे नाव दहा कॉलेजांच्या यादीत कुठेतरी मधे, दोन स्वल्पविरामांमध्ये अडकलेले.

ऐकणाऱ्यांत तिचे आजोबा होते. रेल्वेतून निवृत्त झालेले. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून निघून साठच्या दशकात मिलिंदमध्ये शिकलेले. नातीचे वाचून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "बाळा, तुझा आजोबा जिथं माणूस झाला, ते गाव यात नाही गं."

त्याच रात्री आमच्या वर्गातल्या तीन-चार पोरांनी ती नोंद 'दुरुस्त' केली. मिलिंदवर पाच ओळी घातल्या. सकाळी उठून पाहतात तर पाचही ओळी गायब! मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वणवा पेटला. "बघा, मनुवाद्यांनी इथेही आपला इतिहास पुसला." "हे ज्ञानकोशसुद्धा त्यांचेच." आम्हीही त्या वणव्यात दोन काड्या टाकल्या, हे कबूल करतो.

पण पुढच्या रविवारी आम्ही ते पुसलेले पाच वाक्यांचे पान समोर ठेवले. खुल्या ज्ञानकोशात पुसलेलेही 'इतिहास' या कळीखाली जसेच्या तसे राहते. ते वाक्यावाक्याने वाचले आणि आमची मान खाली गेली. पाच ओळींत चार चुका होत्या. एकाही ओळीला आधार दिलेला नव्हता. ज्याने कुणी त्या पुसल्या, त्याच्या मनात काय होते ते आम्हाला कळायला मार्ग नाही. मात्र त्याच्या जागी आम्ही असतो, तर आम्हीही त्या पुसल्या असत्या.

त्या चार चुका इथे मांडणे भाग आहे. कारण त्या आमच्या चार पोरांच्या नाहीत, त्या आपल्या सगळ्यांच्या आहेत. जयंतीच्या भाषणात, पोस्टरवर, फॉरवर्डमध्ये त्या रोज फिरतात.

पहिली चूक वर्षाची. पोरांनी लिहिले होते की मिलिंद महाविद्यालयाची स्थापना १९४५ ची. १९४५ हे पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्थापनेचे वर्ष आहे. ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी ही संस्था मुंबईत स्थापन केली. संस्थेचे पहिले कॉलेज म्हणजे मुंबईचे सिद्धार्थ, ते १९४६ चे. औरंगाबादचे कॉलेज सुरू झाले जून १९५० मध्ये. आणि ते त्याआधी तिथे निघणार कसे? मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते संस्थान भारतात सामीलही झालेले नव्हते. पाच वर्षांची चूक केली की मराठवाड्याचा अख्खा राजकीय इतिहास आपण ओलांडून जातो, हे आपल्या लक्षातही येत नाही.

दुसरी चूक कोनशिलेची. "बाबासाहेबांनी स्वहस्ते कोनशिला बसवली." ऐकायला किती छान वाटते! प्रत्यक्षात १ सप्टेंबर १९५१ रोजी इमारतीची कोनशिला बसवली ती राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते. त्याच महिन्याच्या अखेरीस हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. खरी घटना आपल्या कल्पनेपेक्षा मोठी आहे की नाही, तुम्हीच ठरवा. ज्या मराठवाड्यात आपल्या माणसांना पाणवठ्यावर जाता येत नव्हते, तिथे बाबासाहेबांनी उभारलेल्या कॉलेजच्या पायासाठी देशाचे राष्ट्रपती आले. भक्तीच्या भरात आपण ही घटना पुसली आणि तिच्या जागी एक साधी दंतकथा ठेवली.

तिसरी चूक नामांतराची. "१९७८ मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले." नाही मिळाले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. प्रत्यक्ष नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. तेही नामांतर म्हणून लागले नाही, नामविस्तार म्हणून लागले: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. ठराव आणि नाव यांच्यामध्ये जवळजवळ सोळा वर्षे आहेत. त्या सोळा वर्षांत पोचीराम कांबळे मारले गेले, गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले, लाँग मार्च निघाला, हजारो लोक तुरुंगात गेले. "१९७८ मध्ये नाव मिळाले" असे लिहिणारा माणूस ही सोळा वर्षे एका फटक्यात खोडतो. शहिदांना अभिवादन करणाऱ्या हातांनीच आपण शहिदांचा काळ खोडला!

चौथी चूक सगळ्यात गोड आणि म्हणून सगळ्यात घातक. "मिलिंद हे मराठवाड्यातले पहिले कॉलेज." हे वाक्य आम्ही स्वतः कित्येक भाषणांत म्हटले आहे. पण औरंगाबादला १९२३ पासून उस्मानिया इंटरमिजिएट कॉलेज होते. निजामाच्या राजवटीतले, उर्दू शिक्षणाच्या परंपरेतले. ज्यांना 'बाबा-ए-उर्दू' म्हणतात ते मौलवी अब्दुल हक त्याचे प्राचार्य होते. आज तेच शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. इंटरपर्यंतचे का होईना, कॉलेज होते. म्हणजे आपली नोंद मोठी करण्याच्या नादात आपण दुसऱ्या एका समाजाची नोंद पुसली. आज त्या शहरात मुसलमानांचा इतिहास पुसण्याची स्पर्धा लागलेली असताना, त्या पुसण्याला आपलाही हातभार?

यावर वर्गात जोरदार वाद झाला. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "दादा, निजामाच्या कॉलेजची वकिली आपण कशाला करायची? तिथं आपली किती पोरं शिकली?" त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर दिले ते त्या मुलीच्या आजोबांनी. "तिथं आपले किती होते ते जरूर विचार. पण ते कॉलेज नव्हतंच, असं लिहू नको. आम्हाला गावात असंच पुसलं होतं."

या एका वाक्याने आमचा प्रश्नच बदलला. मिलिंदचे मोठेपण 'पहिले' या शब्दात नाहीच. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत अक्षर नव्हते, अशी पोरे त्या वर्गांत कशी आली, कुठे राहिली, काय खाल्ले, पुढे काय झाली, हे तिचे मोठेपण आहे. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि ते पोरांनी उभे केले, हे मोठेपण आहे. म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक तिथे होते आणि साठच्या दशकाच्या अखेरीस त्याच वातावरणातून 'अस्मितादर्श' निघाले, हे मोठेपण आहे. दलित साहित्याचा इतिहास लिहायचा तर नागसेनवन वगळून पहिले प्रकरणही पूर्ण होत नाही. शहराच्या नोंदीत हे यायला हवे. आणि हे सगळे शाबीत करता येते. 'पहिले' शाबीत करता येत नाही.

आता काही मित्र म्हणतील, तारखांचा एवढा काथ्याकूट कशाला? चळवळ रस्त्यावर असते, मोबाइलवर नसते. या मित्रांना आम्ही १९१६ सालात घेऊन जाऊ इच्छितो.

९ मे १९१६. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर एका चर्चासत्रात 'भारतातील जाती' हा निबंध वाचतात. सुरुवात कशाने करतात? आक्रोशाने नाही. जातीच्या प्रचलित व्याख्या घेतात. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर. एकेक व्याख्या तपासतात, कुठे काय निसटले ते दाखवतात. केतकरांचे श्रेय मोकळेपणाने मान्य करतात, कारण केतकरांनी जातीची व्याख्या एकट्या जातीपुरती न करता जातिव्यवस्थेच्या संदर्भात केली होती. आणि मग सांगतात की केतकरांनी दिलेली दोन लक्षणे, म्हणजे जातीबाहेर लग्नाची बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व, ही वेगळी दोन नाहीतच. एकाच गोष्टीच्या त्या दोन बाजू आहेत. एवढी बारीक दुरुस्ती! पण त्या दुरुस्तीतूनच पुढचा सिद्धांत उभा राहिला की सजातीय विवाह हाच जातीचा प्राण आहे.

हे केतकर कोण? पुढे 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' ज्यांनी काढला, तेच. मराठीतल्या पहिल्या मोठ्या ज्ञानकोशाचे खंड बाहेर पडण्याआधीच त्याच्या संपादकाची व्याख्या बाबासाहेबांनी दुरुस्त केली होती. प्रतिपक्षाचे जे बरोबर ते बरोबर म्हणून, जे चूक ते पुराव्याने दाखवून. आम्हाला सांगा, ज्ञानकोशाची नोंद दुरुस्त करणे हे आंबेडकरी काम नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

तथागतांनी कालामांना काय सांगितले? परंपरेने आले म्हणून मानू नका, ऐकीव आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, आपला गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. हा उपदेश फक्त पुराणकथांना लावायचा आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅपला लावायचा नाही, अशी सवलत त्यात कुठेही दिलेली नाही. आणि 'मिलिंद' या नावाचा तरी अर्थ काय? ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तर देतात. राजा सहजासहजी मानत नाही, पुन्हा विचारतो, उदाहरण मागतो. ज्या परिसराचे नाव नागसेनवन, त्याची नोंद करताना कुणी "कशावरून?" असे विचारले तर आपल्याला राग यावा?

आता ज्ञानकोशाच्या नियमांबद्दल. विकिपीडियासारख्या खुल्या ज्ञानकोशाचे तीन पायाभूत नियम आहेत. लिहिलेले पडताळता आले पाहिजे. स्वतःचे नवे संशोधन तिथे मांडायचे नाही. आणि मजकूर तटस्थ हवा. म्हणजे 'विश्वरत्न', 'महामानव', 'क्रांतिसूर्य' ही विशेषणे तिथे चालत नाहीत. आपल्या पोरांना याचा फार राग येतो. पण विचार करा, 'डॉ. आंबेडकर यांनी १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले' या वाक्याला विशेषणाची गरज काय? ते वाक्य स्वतःच्या बळावर उभे आहे. टेकू लागतो तो कमकुवत भिंतीला.

पडताळणीचा नियम मात्र आम्हाला खरोखर टोचतो आणि ते बोलून दाखवले पाहिजे. छापलेला, विश्वासार्ह आधार हवा म्हणे. छापखाने कुणाच्या हातात होते? गॅझेटियर कुणी लिहिले? ज्यांना हजारो वर्षे अक्षरबंदी होती, त्यांच्याकडेच आज छापील पुरावा मागायचा, हा नियम वरून सारखा दिसला तरी त्याचे ओझे सारखे पडत नाही. ज्यांचा इतिहास आजी-आजोबांच्या तोंडात आहे, ते या नियमात हरतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे न बोलणे म्हणजे अप्रामाणिकपणा ठरेल.

पण मित्रहो, या सबबीमागे आपण किती दिवस लपणार? आपल्याकडे छापील काही नाही, हे अर्धेच खरे आहे. १९२० चा 'मूकनायक', १९२७ चे 'बहिष्कृत भारत', १९३० चे 'जनता', १९५६ चे 'प्रबुद्ध भारत' हे सगळे छापीलच आहे. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचे खंडामागून खंड लिहिले, त्यातला पहिला १९५२ चा. धनंजय कीरांचे चरित्र १९५४ चे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडशः प्रसिद्ध केली. यातले किती आपल्या घरात आहे आणि घरात आहे त्यातले किती आपण उघडले आहे? चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आपली माणसे पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेतात. जगात क्वचितच असे दृश्य दिसत असेल. ती पुस्तके शोकेसमध्ये ठेवण्यासाठी घेतलेली नसतात.

जे खरोखर छापलेले नाही, त्याचे काय? इथे आमची एक जखम आहे. आमच्याच भागातली एक जुनी चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. तिथल्या एका निवृत्त शिक्षकांचे निधन होऊन वर्ष झाले होते. तेही मिलिंदचेच विद्यार्थी. त्यांच्या ट्रंकेत कॉलेजची वार्षिके होती, वसतिगृहाच्या पावत्या होत्या, मित्रांची पत्रे होती, एक वही होती. भाड्याच्या खोलीत जागा कमी, घरच्यांना सामान आवरायची घाई. ट्रंक रद्दीत गेली, किलोच्या भावाने. आम्हाला कळले तेव्हा चार दिवस उलटले होते. रद्दीवाल्याकडे धावत गेलो, माल पुढे गेला होता. त्या ट्रंकेवर कुणा मनुवाद्याने हात टाकला नव्हता. ती आपणच घालवली.

त्यानंतर आम्ही दोन कामे सुरू केली. पहिले, नोंद पुन्हा लिहिणे. यावेळी महिनाभर घेतला. वाचनालयात बसलो. प्रत्येक वाक्यासमोर पुस्तक आणि पान क्रमांक लिहिला. ज्या वाक्याला पान मिळाले नाही ते वाक्य काढले. शहिदांच्या संख्येचे वेगवेगळे आकडे सापडले, म्हणून आकडा टाकला नाही. उस्मानिया कॉलेज आधी लिहिले, मग मिलिंद. शहराचे नाव त्या-त्या काळात जे होते ते वापरले. मजकूर आधी 'चर्चा' पानावर ठेवला आणि तीन दिवस थांबलो. कुणीतरी दोन प्रश्न विचारले, आम्ही पान क्रमांक दिले. एक परिच्छेद कापला गेला. तो त्या आजोबांच्या आठवणीवर आधारलेला होता, त्यामुळे नियमाप्रमाणे कापला जाणारच होता. बाकीचे टिकले.

दुसरे काम त्या कापल्या गेलेल्या परिच्छेदाचे. आठवण ज्ञानकोशात जात नाही, पण आठवण छापता येते. आम्ही आजोबांची मुलाखत चार बैठकांत नोंदवली. त्यांनी सांगितलेले सन त्यांच्याच गुणपत्रिकांशी ताडून पाहिले. दोन ठिकाणी त्यांची स्मृती चुकली होती, तेही त्यांना दाखवले. ते हसून म्हणाले, "माझीच उलटतपासणी करता का रे?" करतो, काका. तुम्हालाच शाळेत खोटे पाडले गेले होते. उद्या कुणी पुन्हा खोटे पाडू नये म्हणून करतो. अशा पाच-सहा मुलाखती झाल्या की आम्ही त्यांची एक छोटी पुस्तिका काढणार आहोत. लोकवर्गणी सुरू आहे. पुस्तिका निघाली म्हणजे ज्ञानकोश ती लगेच आधार म्हणून मानेलच असे नाही. पण एखाद्या अभ्यासकाने ती वापरली, पुस्तकात घेतली, की रस्ता मोकळा होतो. हा लांबचा रस्ता आहे. आपल्याला लांबच्या रस्त्याची सवय आहे.

शेवटी एक इशारा. ज्ञानकोशाची नोंद आता फक्त त्या पानावर राहत नाही. गुगलवर शहराचे नाव टाकले की बाजूच्या चौकटीत दिसणारी माहिती बहुधा तिथूनच येते. शाळेचे प्रकल्प तिथून होतात, बातम्यांतली 'पार्श्वभूमी' तिथून येते, मोबाइलशी बोलणारी नवी यंत्रे तिथलेच वाचून शिकतात. आज तिथे जे नाही, ते उद्या आपल्याच मुलांच्या लेखी घडलेलेच नसेल.

म्हणून प्रत्येक अभ्यासवर्गाला आमची विनंती आहे. आपल्या गावाची, आपल्या कॉलेजच्या शहराची एक नोंद निवडा. महाड निवडा, नाशिक निवडा, नागपूर निवडा, नाहीतर आमच्यासारखे कल्याण-डोंबिवली निवडा. आधी आपल्या बाजूच्या चुका शोधा, मग त्यांच्या. आणि घरातली ट्रंक आवरण्याआधी एकदा उघडून पाहा.

त्या मुलीने प्रकल्प पुन्हा लिहून दिला. शिक्षणावर दोन ओळींऐवजी दोन पाने. शेवटी तिने पुस्तकांची नावे आणि पाने लिहिली होती. बाईंनी शेरा मारला, 'माहिती कुठून आणली?' आजोबांनी तो शेरा आम्हाला दाखवला आणि म्हणाले, "आम्हाला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आम्हाला विचारायचे, तू इथं कसा आलास?"

जयभीम! नमो बुद्धाय!